दोन बोटं खाली

खाच पाडून झाली होती. पावसाचं पाणी गटारात न जाता आत मुरावं म्हणून रस्त्याच्या कडेचा दगड दीड फूट रुंदीत कापून काढला होता. त्याच्यामागे पसरट, बशीसारखा खड्डा, तळाची माती भुसभुशीत केलेली, वर लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन, मधूनमधून लव्हाळ्याची वीतभर रोपं. मग पाऊस आला, आणि ज्यांनी दोन सुट्ट्या घालवून हे सगळं खणलं होतं ती चार-पाच माणसं छत्र्या घेऊन बघायला उभी राहिली. पाणी आलं. कडेकडेने, मातकट, फेसाळ, काड्या-कागद वाहून आणत आलं. खाचेपाशी पोचल्यावर त्याच्या अंगावर एक बारीकशी सुरकुती उमटली आणि ते समोरून सरळ निघून गेलं. दहा पावलांवरच्या जाळीतून ते गटारात कोसळत असल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. एकाने उकिडवं बसून हाताने पाणी आत लोटून पाहिलं. ओंजळभर गेलं, बाकीचं बोटांच्या बाजूने वाट काढून पुढे. कुणी काही बोललं नाही.

चूक दोन बोटांची होती.

शहरातलं पाणी पुन्हा मातीत घालायची कामं जिथे जिथे लोक आपल्या हाताने करतात तिथे असा प्रसंग कधी ना कधी घडतोच, तेव्हा त्याचं फार वाईट वाटून घ्यायला नको. तरी तो डाचत राहतो. कडेने धावणाऱ्या पाण्याला वेग असतो आणि वेगातलं पाणी काटकोनात वळत नाही, एवढीच यातली मेख. खाचेचा उंबरा रस्त्याच्या पातळीतच ठेवला तर पाण्याच्या लेखी तिथे काही घडलेलंच नसतं. उंबरा निदान पाच सेंटिमीटर खाली हवा, आणि खाचेसमोरची रस्त्याची पट्टीही त्या उंबऱ्याकडे झुकती हवी. उतार जास्त असेल तर दगड काटकोनात न कापता, वरून येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून तिरपा कापावा लागतो. आणि आतली जमीन उंबऱ्याहूनही खाली हवी, आच्छादन धरून खाली. इथे बहुतेकांची फसगत होते. खणताना मोजलेली खोली २० सेंटिमीटर असते. मग त्यात चांगली माती पडते, ढलप्या पसरतात, रोपांबरोबर त्यांच्या मुळांचे मातीचे गोळे येतात, आणि विसाचे तीन कधी झाले ते कळत नाही. ज्यांचा हात बागकामात मुरलेला आहे त्यांच्याकडून तर हे हमखास होतं, कारण बागेत आपण वाफा उचलून घेतो. इथे वाटी करायची असते. हातांना हे पटायला वेळ लागतो. म्हणून गवंड्याची पाण्याने भरलेली लेव्हलची नळी रोपं लावायच्या आधी एकदा आणि सगळं झाल्यावर पुन्हा एकदा धरायची. दुसऱ्यांदा धरायचा कंटाळा येतो.

पूर्वी पाऊस छपरावरून पागोळ्यांनी उतरायचा. वळचणीखालच्या मातीत प्रत्येक पागोळीचा एक खळगा पडे, आणि पावसाळा सरेपर्यंत त्या खळग्यांची सरळ ओळ घराभोवती आखली जाई. त्यातले खडे धुऊन लख्ख झालेले असत. मग छपराला पन्हळ लागली, पन्हळीला उभी नळी, नळीचं तोंड थेट चेंबरमध्ये, आणि पाणी त्याच्या आवाजासकट दिसेनासं झालं. सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. भिंती कोरड्या राहिल्या, दारातला चिखल गेला, पावसात चालणं सुखाचं झालं. जे गेलं त्याचा हिशोब उशिरा लागला. झाडोऱ्याने झाकलेल्या जमिनीवर १०० लिटर पाऊस पडला तर ढोबळमानाने ५० लिटर मुरतात, ४० लिटर पानांवरून आणि मातीतून पुन्हा हवेत जातात, आणि जेमतेम १० लिटर वाहून जातात. तीच जमीन तीन चतुर्थांशाहून जास्त काँक्रीट-डांबराखाली गेली की वाहणारे ५५ होतात आणि मुरणारे १५. पंचावन्नचा आकडा सगळ्यांना दिसतो, कारण तो दारात येऊन उभा राहतो. पंधराचा आकडा काही महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, आटलेल्या ओढ्यातून आणि खोल गेलेल्या विहिरीतून बोलतो. तोवर त्याचा पावसाशी संबंध कुणी लावत नाही.

अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात १९९३ ते २०११ या काळात छपरांच्या उभ्या नळ्या गटारापासून तोडून त्यांची तोंडं अंगणाकडे वळवण्याची मोहीम चालली. ५६ हजारांहून अधिक नळ्या तुटल्या. घरमालकांनी तोडल्या, वस्त्यांमधल्या गटांनी तोडल्या. वर्षाला सुमारे ४५० कोटी लिटर पाणी मैल्याबरोबर एकाच गटारात जायचं थांबलं. हत्यारं म्हणाल तर एक करवत, नळी वळवायचा एक कोपरा, नळीचा जादा तुकडा, दोन-चार स्क्रू आणि जुन्या भोकावर बसवायला रबरी बूच. ते बूच विसरलं की उंदीर आणि वास, दोन्ही वर येतात. नळीचं तोंड घराच्या पायापासून निदान दोन मीटर दूर सोडायचं. आणि त्याआधी जमिनीचा उतार घराकडे नाही ना हे पाहायचं, नाहीतर गटारातून सुटलेलं पाणी पुढच्याच पावसात तळघराच्या भिंतीवर डाग होऊन उमटतं. १०० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटरची सर म्हणजे अडीच हजार लिटर पाणी. उडालेलं, कौलांनी प्यायलेलं वजा केलं तरी दोन हजारांवर उरतं. एका घराच्या एका सरीचं. हा आकडा ऐकून लोक टाकी घ्यायला धावतात. टाकीही चांगलीच, पण ती दुसरी सर येईतो रिकामी केलेली नसेल तर पुरापुरता तिचा उपयोग शून्य. भरलेल्या टाकीवरून पाणी तसंच ओसंडतं.

नेदरलँड्समध्ये फरश्या उखडायची स्पर्धाच लागते. रॉटरडॅम आणि अ‍ॅमस्टरडॅम यांच्यातल्या चुरशीतून ती २०२० मध्ये सुरू झाली आणि पुढे देशभरच्या नगरपालिका तिच्यात उतरल्या. अंगणातली फरशी उचलायची, तिथे काहीतरी हिरवं लावायचं आणि किती उचलल्या ते कळवायचं. ३० बाय ३० सेंटिमीटरची फरशी ०.०९ चौरस मीटर भरते. २५ मिलिमीटर पावसात तिच्यावर सव्वादोन लिटर पाणी पडतं. एका फरशीचं सव्वादोन लिटर म्हणजे काहीच नाही, असं म्हणता म्हणता अकरा फरश्यांचा चौरस मीटर होतो. पण फरशी उचलली म्हणजे जमीन मोकळी झाली असं मात्र नाही. खाली ठोकून बसवलेला कचखडीचा थर असतो. त्याच्याखाली कित्येक वर्षं उजेड न पाहिलेली माती: राखाडी, थंड, वास नसलेली, एकही गांडूळ नसलेली. कुदळ मारली तर टणत्कार येतो आणि हाताला झिणझिण्या. कचखडी काढून टाकायची, खालची माती फूटभर खोल फोडायची, कंपोस्ट मिसळायचं आणि मुळांना एक-दोन हंगाम द्यायचे. पहिल्या पावसात अशा जागी पाणी साचलेलं पाहून पुष्कळजण निराश होतात. दुसऱ्या वर्षी त्याच मातीत मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटा झालेल्या असतात. पाणी त्या वाटांनी उतरतं.

माती किती पिते हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी फूटभर खोल आणि वीतभर रुंद खड्डा करून पाण्याने भरायचा आणि उतरू द्यायचा. हे पहिलं पाणी मोजायचं नाही. कोरडी माती ते अधाशासारखं ओढते आणि खोटा भरवसा देते. लगेच पुन्हा भरायचा, उभी पट्टी खोवायची आणि तासातासाने आकडा टिपायचा. वाळूत पाणी तासाला ३० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उतरतं, पोयट्यात १० ते २०, चिकण मातीत १ ते ५. आता गणित मांडा. तासाला १२ मिलिमीटर पिणाऱ्या मातीत १५ सेंटिमीटर साचलेलं पाणी साडेबारा तासांत संपतं. तासाला ३ मिलिमीटर पिणाऱ्या मातीत त्याच पाण्याला ५० तास लागतात. हद्द ४८ तासांची धरतात, कारण अंड्यापासून डास उडायला उबदार हवेतही आठवडाभर लागतो आणि मधे दुसरी सर येऊन मुदत लांबण्याची शक्यता ठेवावी लागते. मग चिकण मातीत काय करायचं? खड्डा आणखी खोल करावा असं सगळ्यांनाच सुचतं, आणि ते चुकीचं असतं. तो पसरट करायचा. ८ सेंटिमीटर पाणी त्याच मातीत २७ तासांत जिरतं. जागा दुप्पट लागते, ही खरी अडचण.

दुसरा एक उपाय लोकांना हमखास सुचतो: चिकण मातीत थोडी वाळू मिसळणं. थोडी वाळू आणि पुष्कळ चिकण एकत्र झाली की वाळल्यावर जवळजवळ वीटच तयार होते. मिसळायचं तर प्रमाण उलटं हवं, म्हणजे ५० ते ६० टक्के वाळू आणि उरलेल्यात कंपोस्ट आणि पोयटा. कंपोस्टचा हातही आखडता ठेवायचा. रोपं त्यावर तरारतात खरी, पण जास्तीचं स्फुरद आणि नत्र धुपून खालच्या ओढ्या-तळ्यात जातं आणि तिथे शेवाळ माजतं. म्हणजे पाणी शुद्ध करायला खणलेला खड्डाच पाणी नासवतो. थरांमध्ये कापडी जाळी घालू नये. बारीक गाळ तिच्यावर बसून तिचा पापुद्रा होतो आणि वरचं पाणी वर, खालची माती कोरडी. यंत्राने खणलं असेल तर बकेटच्या दातांनी तळ चोपून गुळगुळीत झालेला असतो. तो पावड्याने, दाताळ्याने ओरखडायचा. आणि खणायचं ते वापशावर. ओल्या चिकण मातीवर दहा माणसांनी दोन तास नाचल्यासारखी ये-जा केली तर तिच्यातली सगळी भोकं मिटतात आणि ती मोकळी व्हायला वर्षं लागतात. उत्साहाने आलेल्या वीस स्वयंसेवकांना खड्ड्याच्या काठावरच उभं राहा, आत उतरू नका असं सांगणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम असेल.

वरची चिकण फार जाड असेल तर ती भेदून खाली जायचं. बंगळुरूत पाझर-विहिरी खणतात त्या अशाच: तीन फूट व्यासाच्या, वीस-तीस फूट खोल, सिमेंटच्या कड्या उतरवलेल्या. खणणारे पिढीजात मण्णू वड्डर. हाताला लागलेल्या मातीवरून पाणी धरणारा थर कुठे आहे ते सांगणारे. मात्र विहिरीत शिरलेलं पाणी मातीच्या चाळणीतून गेलेलं नसतं, म्हणून तिथे छपराचं पाणी, पहिल्या सरीचं सोडून देऊन, गाळ खाली बसवूनच न्यायचं. पेट्रोल पंप आणि गॅरेजसमोरचं पाणी तर कुठल्याही मुरवण्याच्या खड्ड्यात घेऊ नये.

खड्डा बरा आहे की आजारी हे नाकाला कळतं. चांगल्या खड्ड्याशी पावसानंतर वाकलं की मृद्गंध येतो. तो मातीतल्या सूक्ष्मजीवांचा असतो, ते हवा घेत आहेत याची पावती. आजारी खड्ड्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. खाली पाणी अडलंय, हवा संपलीय, आणि हवेवाचून जगणारे जिवाणू गंधकाशी खेळत बसलेत. मातीचा गोळा फोडला तर आत निळसर राखाडी झाक दिसते. शेतकरी अशा जमिनीला चिबड म्हणतात आणि तिथून चर काढतात. इथेही तेच, तळाशी भोकाची नळी टाकून जास्तीचं पाणी बाहेर काढून द्यावं लागतं. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या बॅलार्ड भागात २०१० मध्ये रस्त्याकडेला अशा बागा केल्या. त्याच शहरात त्याआधी दहाएक वर्षं केलेल्या एका रस्त्याने जवळजवळ सगळा पाऊस पचवून दाखवला होता, त्यामुळे भरवसा होता. पण केंद्राच्या निधीला मुदत होती, मातीच्या चाचण्या पुरेशा झाल्या नाहीत, आणि बऱ्याच खड्ड्यांमध्ये पाणी दिवसचे दिवस उभं राहिलं. घरासमोर डबकं आलेल्या माणसांचा संताप साहजिक होता. काही खड्डे बुजवावे लागले, काहींना खालून निचऱ्याच्या नळ्या घालाव्या लागल्या. मला त्या फसलेल्या बागा यशस्वी रस्त्याइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, कारण त्यानंतर फूटभर खोल खड्डा करून पट्टी खोवण्याच्या कंटाळवाण्या कामाला मान आला.

त्याच भागातली आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात शहरातल्या ओढ्यांमध्ये चढून आलेले कोहो जातीचे सॅमन मासे अंडी घालायच्या आतच गरगरत, तोंड उघडं टाकत मरत. रस्त्यावरून आलेल्या पाण्यात काहीतरी होतं. काय, ते सापडत नव्हतं. संशोधकांनी तेच पाणी पिंपात भरलेल्या मातीतून, ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्टच्या थरातून गाळलं आणि माशांना त्यात सोडलं. मासे जगले. मारेकऱ्याचं नाव त्यानंतर काही वर्षांनी, २०२० च्या शेवटी कळलं: ६पीपीडी-क्विनोन. टायरच्या रबरात तडे जाऊ नयेत म्हणून घालतात त्या रसायनाची ओझोनशी गाठ पडली की ते तयार होतं. नाव माहीत नसलेलं विष एका पिंपातल्या वाळू-कंपोस्टने तोवर कितीदा तरी धरून ठेवलं होतं. खड्ड्याच्या वरच्या काही सेंटिमीटरमध्येच तांबं, जस्त, शिसं अडकून राहतं, हेही याच जातीचं ज्ञान. म्हणूनच रस्त्याकडेच्या खड्ड्यातला वरचा गाळ खत समजून भाजीच्या वाफ्यात टाकायचा नसतो.

मुरणं हा शब्द या कामात इतका वाजतो की दुसरं अर्धं चक्र विसरायला होतं. जमिनीत न गेलेलं, गटारात न गेलेलं, पानांनी ओढून हवेत सोडलेलं पाणी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. विजेच्या मापात ०.६८ युनिट. दिवसाला १०० लिटर पाणी हवेत सोडणारं मोठं झाड ६८ युनिटांइतकी उष्णता मुकाट्याने संपवतं. त्यासाठी त्याच्या मुळाशी पाणी हवं, आणि शहरात झाडाच्या बुंध्याभोवती आपण काँक्रीटचं कडं करतो, तेही उंच, म्हणजे रस्त्याचं पाणी चुकूनही आत येऊ नये. ते कडं एका बाजूने फोडणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. छपरावरच्या हिरवळीबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. दहा सेंटिमीटर मातीचा थर वर्षभराच्या पावसातला चांगला निम्मा भाग अडवू शकतो, पण छताची ताकद आधी तपासावी लागते, आणि ते काम शेजाऱ्यांनी मिळून फावडी घेऊन करण्याचं नव्हे.

कधीतरी भर उन्हाळ्यात, रात्री रहदारी थांबल्यावर, एखाद्या चेंबरच्या झाकणापाशी उभं राहावं. कित्येक दिवसांत पाऊस नाही, आणि तरी खाली पाणी वाहतंय, थंड, एका लयीत. तो जुना ओढा असतो. नकाशातून गेला, जमिनीखालून गेला नाही. वर त्याच्या खुणा असतात: चौकटीच्या आखणीत मधेच वळण घेणारा एखादा रस्ता, ओलीने सोलवटलेल्या तळघरांची रांग, इतरांपेक्षा हिरवीगार राहणारी दोन-तीन झाडं. अमेरिकेतल्या बर्कलीत १९८४ मध्ये अशा एका ओढ्याचा साठेक मीटरचा तुकडा नळातून काढून पुन्हा उघडा केला. झुरिकने १९८८ पासून ओढे गटारांपासून सोडवून उजेडात आणायचं धोरणच आखलं. मैलापाणी शुद्ध करायच्या केंद्रात ओढ्याचं स्वच्छ पाणी कशाला दवडायचं, हा त्यांचा रोकडा हिशोब. सोलमधला चंग्येचन हा ओढा मात्र पाहताना जीव दुभंगतो. वरचा उन्नत महामार्ग पाडून २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा प्रवाह लोकांना परत मिळाला, त्याच्या काठी उन्हाळ्यात गारवा असतो, माणसं पाण्यात पाय सोडून बसतात. त्यातलं बहुतेक पाणी पंपाने आणलेलं आहे. पाणलोट तसाच झाकलेला, मग झरे कुठून येणार? तरी त्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांना हे खोटं आहे असं सांगायची हिंमत होत नाही. पाय तर खरेच ओले झालेले असतात.

आणि या सगळ्या वाट्या-बशांची ताकद किती, हेही बोललं पाहिजे. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी काही भागांत दोन-तीन तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. असा पाऊस कुठल्याही खड्ड्यात मावत नाही. त्यासाठी रस्तेच अशा उताराने बांधावे लागतात की पाणी घरांऐवजी मैदानांत जाऊन थांबेल. रॉटरडॅममधल्या एका चौकात खेळायच्या खोलगट जागाच पावसात १७ लाख लिटर पाणी धरतात. ते नगरपालिकेचं काम. शेजाऱ्यांच्या खड्ड्यांचा उपयोग वर्षभर पडणाऱ्या बारीक-मध्यम सरींसाठी. मोजदाद केली तर वर्षाचं बहुतेक पाणी या साध्या सरींमधूनच येतं. फिलाडेल्फियाने २०११ मध्ये २५ वर्षांची योजना आखताना पाणी मुरवायला तयार केलेल्या प्रत्येक एकराचं माप ठरवलं ते त्याच्यावरचा पहिला एक इंच पाऊस धरण्याचं. मोठ्या तुफानाचं नव्हे.

धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला रांगायला, रांगत्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला, असं पाणलोटाची कामं करणारे म्हणतात. रस्त्यावर यातली पहिलीच पायरी कायद्याच्या दगडाला अडते. तो दगड सार्वजनिक मालमत्ता. टूसॉन हे अमेरिकेतलं वाळवंटातलं शहर, वर्षाला २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही रस्त्यावरून वाहून जाणारा. तिथे ब्रॅड लँकेस्टर आणि त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी पहिल्या खाचा परवानगीशिवाय पाडल्या, रविवारी, निरीक्षक सुट्टीवर असताना. २००७ मध्ये शहराने त्या कायदेशीर केल्या. त्यांच्या रचनेतली खरी हुशारी वेगळा सांडवा न ठेवण्यात आहे. खड्ड्याचा तळ रस्त्याहून खाली असतो. वाटी भरली की पाणी खाचेच्या उंबऱ्याशी समपातळीत येतं आणि मागून येणारं आपोआप पुढच्या खाचेकडे सरकतं. पाणी ज्या वाटेने आत येतं, वाटी भरल्यावर त्याच वाटेवर ते बाहेर थांबतं. फुटपाथवर पाणी येत नाही, बांध फुटत नाही. खाचेच्या आत लगेच हातभर लांबीची गाळाची कुंडी, सपाट दगडी तळाची. सुटे गोटे टाकले तर दिसतात छान, पण गाळ त्यांच्यात रुततो आणि फावडं चालत नाही. आच्छादनाला सालीच्या हलक्या ढलप्या नकोत, त्या तरंगून उंबऱ्याशी गोळा होतात. कातरलेलं, धागे सुटलेलं लाकूड एकमेकांत गुंतून बसतं. आणि वरच्या अंगाला कुठे बांधकाम चालू असेल तर ते संपेपर्यंत खाच पोत्यांनी बंद. एका पावसात आलेली सिमेंटची राड वर्षभराच्या मातीकामावर पाणी फिरवते.

सुरुवातीच्या त्या खाचेची चूकही मग दुरुस्त झाली. छिन्नीने उंबरा दोन बोटं खाली घेतला, समोरची डांबराची पट्टी तासून झुकती केली, आतल्या ढलप्या घमेल्याने काढल्या, दोन रोपं उपटून खाली लावली. अर्ध्या दिवसाचं काम. पुढचा पाऊस रात्री आला, त्यामुळे पाणी आत वळताना कुणी पाहिलं नाही. सकाळी वाटी रिकामी होती. ओल्या काड्यांची, पानांच्या तुकड्यांची, एका सिगारेटच्या थोटकाची बारीक रेघ मात्र चारी बाजूंनी एकाच उंचीवर चिकटून राहिली होती, तळापासून मोजली तर ११ सेंटिमीटर. लव्हाळी एका अंगाला कललेली. दगडी कुंडीत मूठभर काळा गाळ. आणि खाचेच्या तोंडाशी, उंबऱ्यावर आडवी, पिंपळाची तीन पानं एकमेकांवर बसून पुढच्या सरीला अडवायच्या तयारीत. सकाळी कामाला निघालेल्या बाईंनी ती छत्रीच्या टोकाने बाजूला सारली आणि त्या पुढे गेल्या.